चहाच्या रंगाचं पाणी

माझे सासरे पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे पातळ कागदावर शाईनं उतरवून काढायचे, हे त्यांचं काम. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तेच केलं. निवृत्त झाल्यावरही आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी होती. तूरडाळ, जवस, लाखोळी. सगळी अक्षरं एका उंचीची, जणू छापलेली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणत असे.

लग्न होऊन मी सिंदी रेल्वे या गावाहून वर्धेजवळच्या पिपरी मेघेला आले तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. नवरा रोज सकाळच्या गाडीनं नागपूरला नोकरीला जायचा, परत यायला आठ वाजायचे. दिवसभर मी, सासूबाई आणि मामाजी. दोन वर्षांनी सासूबाईंना कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग मोठ्या दवाखान्यात नेलं. अठरा दिवस त्या तिथं होत्या आणि अठराही दिवस मामाजी खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले. त्या घरी परत आल्या नाहीत. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवून गेले, तेव्हा मामाजी मला एवढंच म्हणाले, "त्या दवाखान्यात मी आता पाय ठेवत नाई, बाई. मरन आलं तरी मले तिथं नेऊ नका."

त्यानंतर ते जवळजवळ बोलेनासेच झाले. पेपर समोर धरायचे, पान उलटायचे नाहीत. दुपारी घरात इतकं सामसूम असायचं की शेजारच्या घरातला कुकर आमच्याच घरात शिट्टी देतोय असं वाटायचं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस ते वर्धेहून रिक्षा करून आले. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेली काचेची मोठी पेटी होती. फिश टँक. बरोबर हवेचा पंप, दोन किलो खडे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये मासे. चार केशरी गोल्डफिश, दोन काळे.

मी विचारलं, "मामाजी, हे काऊन आनलं?"

"घरात काई तरी हलत राह्यलं पायजे," ते म्हणाले.

टँक दिवाणखान्यात खिडकीखाली ठेवला. मामाजी त्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. कधी कधी माशांशी पुटपुटायचेसुद्धा. मला बरं वाटलं. नवऱ्यालाही वाटलं. आम्ही दोघांनी मिळून त्या पेटीवर जरा जास्तच भरवसा टाकला होता, असं आता वाटतं.

पाऊस ओसरल्यावर मामाजी लूना घेऊन धाम नदीच्या काठाला गेले. पुरानं आणून टाकलेलं एक मूळ त्यांना दगडांच्या खाचेत सापडलं. दीड हात लांब, पिळवटलेलं, एका टोकाला तीन फाटे फुटलेलं. लूनाच्या पायदानावर उभं बांधून ते त्यांनी घरी आणलं, दोन दिवस उन्हात ठेवलं आणि टँकमध्ये सोडलं. ते तरंगायचं, म्हणून दोरीनं फरशीच्या तुकड्याला बांधलं. मासे त्या फाट्यांमधून शिरायचे, दुसऱ्या बाजूनं निघायचे. मामाजी खूष होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचे दात पाहिले.

चौथ्या दिवशी पाणी पिवळसर झालं. आठवड्यानं त्याला बिनदुधाच्या चहाचा रंग आला. मासे मध्येच दिसायचे, मध्येच नाहीसे व्हायचे.

नवरा नागपूरहून आला, बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, टँकमधी चहा टाकला का?"

"कुठं?" मामाजी म्हणाले. "नितळ तर हाय पानी."

नवरा हसला. मीही हसले. आम्हाला वाटलं, लाकडाचं खापर आपल्यावर येऊ नये म्हणून बोलताहेत. मामाजी हसले नाहीत. ते खुर्ची पुढे ओढून काचेकडे बघत बसले.

मला ते पाणी बघवत नव्हतं. घरात येणारी प्रत्येक बाई विचारायची, पाणी सडलं का म्हणून. मामाजी एक दिवस बँकेत पेन्शनला गेले असताना मी टँक पूर्ण रिकामा केला. मासे बादलीत काढले, खडे धुतले, काच घासली आणि नळाचं ताजं पाणी काठापर्यंत भरलं. नळाला त्या दिवशी ब्लीचिंगचा वास होता, तो मला आलाही होता. संध्याकाळी दोन गोल्डफिश पोट वर करून तरंगत होते.

मामाजींनी ते हातानं काढले आणि अंगणातल्या जास्वंदीखाली पुरले. रागावले असते तर बरं झालं असतं. आणि एवढं करूनही चार दिवसांत पाणी परत तसंच झालं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे राहायचे. सगळे त्यांना आबाजी म्हणायचे. तरुणपणी त्यांनी चामडं कमावण्याच्या कारखान्यात काम केलं होतं. त्यांच्या नखांच्या कडा म्हातारपणीही तांबूस होत्या. मासे मेल्याचं ऐकून ते काठी टेकत आले, टँकमध्ये बोट बुडवलं आणि सरळ जिभेला लावलं.

"तुरट हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी 'ळ'चा 'य' व्हायचा. "बाभयीचं मूय हाय हे. आमी बाभयीची साल हौदात टाकत होतो, चामडं पकवाले. असंच पानी होत होतं, याच्याहून कायं. हा सालीचा कस हाय, बाई. पानी सडलं नाई, अन् मासेबी याच्यानं मेले नाई."

"मग काय करू?"

"उकय त्याले. पानी कायं झालं की फेक, पुन्हा उकय. मंग साध्या पान्यात भिजू घाल, रोज पानी बदल. कस सरेपर्यंत देतच राहीन तो. अन् माशाचं पानी एका टायमाले सगयं नको काढू. चार हिश्श्यातला एक काढ. नयाचं पानी एक दिवस उघडं ठेव, मंग टाक."

दुसऱ्या दिवशी मी अंगणात तीन दगड मांडले आणि आंघोळीचं पाणी तापवायचा मोठा गंज त्यावर चढवला. मूळ पूर्ण बुडत नव्हतं, म्हणून एक बाजू तासभर, मग दुसरी. पहिल्या उकळीचं पाणी इतकं काळं निघालं की ते ओतताना मोरीची फरशी डागाळली. तीन दिवस हेच चाललं. मामाजी बाजेवर बसून लाकडं पुढे सारायचे. सासूबाई गेल्यानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम होतं.

मग मूळ टोपात भिजत घातलं. रोज सकाळी मी पाणी बदलायचे आणि विचारायचे, "मामाजी, पाहा बरं, निवळलं का?" ते वाकून बघायचे आणि म्हणायचे, "निवळलं." पाणी असायचं कोऱ्या कॉफीसारखं. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा ते तसंच म्हणाले, तेव्हा मी टोप तिथंच ठेवला.

मी आत गेले. दोन पांढऱ्या कपबश्या घेतल्या. एका कपात माठातलं पाणी भरलं, दुसऱ्यात टोपातलं. दोन्ही त्यांच्यासमोर बाजेवर ठेवले.

"यातलं माठातलं कोनतं, सांगा."

त्यांनी आधी एक कप उचलला, मग दुसरा. डोळ्यांजवळ नेला. मान वाकडी केली. बराच वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही कप खाली ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले समजलं तर."

मी तिथंच जमिनीवर बसले. त्या एका क्षणात मला कितीतरी गोष्टी दिसल्या. पेपराचं पान का उलटत नव्हतं ते. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी त्यांनी माझ्याकरता वर्धेहून आणलेली पांढरी साडी, जी पांढरी नव्हतीच. दुकानात पडून पडून पिवळी पडलेली, घडीवर तपकिरी रेघा उमटलेली. मी ती नेसून विहारात गेले होते आणि मनात म्हटलं होतं, म्हातारा पैशाला जपतो. कोणी तरी त्यांना ती पांढरी म्हणून दिली होती आणि त्यांनी विश्वासानं घेतली होती.

"कवापासून, मामाजी?"

"तुझी सासू होती तवापासूनच कमी कमी होऊन राह्यलं. तिच्या आजारपनात कोन पाहाते डोये. डाव्या बाजूनं तर धुकंच हाय." मग त्यांनी माझा हात धरला. आमच्या घरात सासरे सुनेचा हात धरत नाहीत. "त्याले सांगू नको. तो मले त्याच दवाखान्यात नेईन. मले तिथं जाववत नाई, बाई. थोडे दिवस जाऊ दे. मीच सांगतो."

मी हो म्हटलं.

ते थोडे दिवस दोन महिन्यांचे झाले. मी रोज ठरवायचे, आज नवऱ्याला सांगायचं. तो थकून यायचा, जेवायचा, आणि समोर मामाजी जेवायला बसलेले असायचे, ताटातली चटणी चाचपत. माझा धीर व्हायचा नाही. उलट मी त्यांना झाकायला लागले. चटणी रोज एकाच जागी वाढायची, चपला एकाच जागी ठेवायची, पेपरातल्या मोठ्या बातम्या दुपारी वाचून दाखवायची, म्हणजे संध्याकाळी मुलाशी बोलताना त्या त्यांना माहीत असतील. मी ते मायेनं करत होते. पण त्यामुळेच कोणाला काही कळलं नाही, हेही तितकंच खरं.

मूळ महिनाभर भिजल्यावर परत टँकमध्ये गेलं. आता ते आपोआप तळाशी बसलं. रंग अजून यायचा, पण फिका. आठवड्यातून दोनदा मी चौथा हिस्सा पाणी काढायचे आणि शिळं पाणी घालायचे.

थंडीत, जानेवारीत असेल, एक दिवस दुपारी मामाजी लूना हातानं ढकलत आले. मागे एक शाळकरी मुलगी सायकल घेऊन, दोन्ही गुडघे सोललेले, डोळ्यांत पाणी. मामाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी पाडलं हिले," ते म्हणाले. "डेटॉल आन."

मी गुडघे धुतले. मुलगी हुंदके देत म्हणाली, "मी घंटी वाजवली होती आजोबा. मी डाव्या बाजूनंच होती."

"हो बेटा. तुझं काई चुकलं नाई." ते तिच्या घरी स्वतः सोडायला गेले, चालत. परत आल्यावर लूनाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. रात्री माझा नवरा आल्यावर त्यांनीच त्याला सांगितलं, "मले डोयाच्या डॉक्टरकडे ने. उद्याच ने."

दवाखाना तोच होता. आमच्या ऐपतीला आणि त्या आजाराला दुसरा जवळ नव्हता. फाटकापाशी रिक्षा थांबली तेव्हा मामाजी उतरायला तयार होईनात. नवऱ्यानं रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. चार-पाच मिनिटांनी ते स्वतःच उतरले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले, थेंब टाकले, पुन्हा तपासले. मग विचारलं, "बाबा, कमी कधीपासून दिसतंय?"

"आता आताच," मामाजी म्हणाले. "पंधरा दिवस झाले असतीन."

नवरा त्यांच्या मागे उभा होता, मी बाजूला. मला वाटलं, मी आता गप्प राहिले तर औषधही चुकीचं देतील.

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "वर्षाच्या वर झालं. मला दोन महिन्यांपासून माहीत आहे."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं पुन्हा कधी तसं बघितलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आहे. उजव्याचं ऑपरेशन करू, दिसेल. डाव्या डोळ्यात काचबिंदूही आहे, आतली नस वाळली आहे. तो डोळा परत येणार नाही.

"लवकर आलो असतो तर?" नवऱ्यानं विचारलं.

"लवकर आलं तर काही वाचवता येतं. यांचं किती वाचलं असतं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

"दोन महिने आधी?"

त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "सांगता येत नाही," म्हणाल्या.

ते वाक्य मी घरी आणलं, ते अजून माझ्याजवळ आहे. घरी आल्यावर नवऱ्यानं एकच विचारलं, "तुले मालूम होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. डबा घ्यायचा, निघायचा. मामाजींनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, "तिले काई म्हनू नको. मीच नको सांगू म्हनलं होतं." तो म्हणाला, "मी काई म्हटलंच नाई बाबा." ते खरं होतं, आणि म्हणूनच ते दिवस इतके कठीण गेले.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मामाजी वॉर्डात झोपले होते. आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो होतो, मध्ये टिफिन. नवरा समोर बघत म्हणाला, "मीबी पाह्यलं होतं. दिवाळीत. बाबा गिलासाच्या बाहेर पानी ओतून राह्यले होते. मी म्हटलं, वय झालं. गाडीचा टाइम झाला होता, मी निघून गेलो." मग तो म्हणाला, "तू तर निदान विचारलं त्याइले."

मी रडले. त्यानं टिफिन बाजूला सरकवला आणि जवळ येऊन बसला. त्यापलीकडे आम्ही त्या गोष्टीवर कधी बोललो नाही.

पट्टी सुटली त्या दिवशी मामाजी वॉर्डातल्या खिडकीच्या निळ्या पडद्याकडे बघत राहिले. नर्सला विचारलं, हा नवीन लावला का. ती म्हणाली, नाही बाबा, जुनाच आहे. घरी येताना रिक्षातून ते सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत आले. घरात शिरल्यावर चपला काढून आधी टँकसमोर गेले. खाली वाकले. मधल्या सगळ्या दिवसांत आबाजी येऊन पाणी बदलत होते. आता ते गव्हाच्या काडीच्या रंगाचं होतं, मला तर नितळच वाटायचं.

"अजून पिवळं हाय," मामाजी म्हणाले.

त्यांनी तक्रार केली याचाच मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली. दुसऱ्या दिवशी ती साडी दोरीवर वाळत होती, तर तिच्यासमोर ते बराच वेळ उभे होते. "मी तुले हे आनलं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मले आवडते ती." त्यांनी मान हलवली. पुढच्या पेन्शनला त्यांनी नवी आणली. ती खरोखर पांढरी होती. उजेडात धरून पारखून घेतलेली, हे मला दुकानात न जाताही कळलं.

टँकचं पाणी त्यानंतर त्यांनीच सांभाळलं. उन्हाळ्यापर्यंत मुळाचा कस सरला. मग गल्लीतले म्हातारे-म्हाताऱ्या त्यांना एक एक करून डोळ्यांचं विचारायला लागले. मामाजींनी वहीत त्यांची यादी केली आणि आठवड्याला दोघांना घेऊन ते त्याच दवाखान्यात जायला लागले. रांगेत बसायचे, फॉर्म भरून द्यायचे. आबाजींच्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन त्यांनीच करवून आणलं. एकदा परत आल्यावर म्हणाले, "आज त्या वार्डावरून गेलतो. तुझ्या सासूच्या खाटेवर दुसरी बाई होती. झोप लागली होती तिले, चांगली." एवढं सांगून ते हातपाय धुवायला गेले.

ते त्यानंतर सात वर्षं होते. दोन नाती पाहिल्या त्यांनी. मासे मेले, नवे आले. पुढे भारनियमनात पंप बंद पडायला लागला, तेव्हा टँक त्यांनी जवळच्या शाळेला देऊन टाकला. डावा डोळा हळूहळू पूर्ण विझला. त्या बाजूचं काही बघायचं असलं की ते अख्खी मान वळवायचे. बाजारात जाताना मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला चालायचे. लोकांना वाटायचं, सून सासऱ्याचा मान राखून अदबीनं चालते. मोठा रस्ता आला की ते न बघता माझं मनगट धरायचे आणि पलीकडे पोचलो की सोडून द्यायचे.